एक मायक्रोफॅरड झोप

ज्या घरात तान्हं मूल झोपत नाही, त्या घरातली मोठी माणसं पुरती जागीही नसतात. काटेकोरकाकांच्या घरात त्या दिवसांत हेच चाललं होतं. काकू चहात साखरेऐवजी मीठ घालत, काका तो शेवटच्या घोटापर्यंत पीत आणि कप ठेवताना म्हणत, "आज जरा बरा झालाय." वर्तमानपत्र कालचं आहे हे दुपारी लक्षात यायचं. दारावरची बेल वाजली तर काका, काकू आणि माहेरी आलेली लेक असे तिघंही एकमेकांकडे बघत बसायचे, कारण बेल खरंच वाजली की आपल्यालाच स्वप्न पडलं, याची हमी कोणी घ्यायची?

'काटेकोर' हे काही काकांचं आडनाव नव्हे. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि एवढ्या नोकरीत एकाही चुकीच्या मापाखाली त्यांची सही झालेली नव्हती. घरीसुद्धा काकूंनी "अर्धी वाटी तेल द्या" म्हटलं, तर "वाटी कुठली?" असं विचारणारा हा माणूस. ऑफिसातल्या कोणीतरी चिडून ठेवलेलं नाव इमारतीत पोचलं, इमारतीतून पोस्टमनकडे गेलं, आणि आता तर त्या नावानं पत्रंही येत. काकांना तो टोमणा वाटत नसे. उलट बढती मिळाल्यासारखंच वाटे.

आणि अशा माणसाच्या घरी गिटार होती. कशी आली ते विचारू नका. तरुणपणी प्रत्येकाच्या घरात असं काहीतरी शिरतं. बहुतेकांच्या घरातून ते पुढे निघून जातं, काकांच्या घरात ते कपाटावर राहिलं, एवढंच.

लेक बाळाला घेऊन आली होती, म्हणून काकांनीही महिनाभर रजा काढली होती. जावई बोटीवर, म्हणजे महिनोन्‌महिने पाण्यावर. नातीला काका 'पिपाणी' म्हणत. लेकीला हे नाव मुळीच पसंत नव्हतं, पण हळूहळू तीही तेच म्हणू लागली, कारण दुसरं कुठलंच नाव त्या आवाजाला पुरं पडेना. आता पिपाणी रडकी होती असं नाही. ती फक्त जागी असायची. दुपारी सगळी इमारत पडदे ओढून निजायची, जिन्यातलं मांजर निजायचं, समोरचा शिंपी मशीनवर डोकं टेकून निजायचा, आणि पिपाणी छताकडे अशी टक लावून बघायची की आपणही एकदा वर बघून घ्यावं. तिला खाली ठेवलं की मात्र ती नावाला जागायची.

अशाच एका दुपारी लेक म्हणाली, "बाबा, तुमचा तो डबा कुठं आहे?"

डबा म्हणजे काकांच्या जेवणाच्या तीन मजली डब्यातला मधला मजला. लेक तान्ही होती तेव्हा काकांनी त्यात ट्रान्झिस्टर आणि वायरी भरून गिटारसाठी एक यंत्र केलं होतं. गिटारची वायर एका बाजूनं आत जायची, दुसऱ्या बाजूनं स्पीकरकडे निघायची. आत सरळ गेलेला सूर बाहेर येताना हेलकावे खात यायचा. जाणकार त्याला ट्रेमोलो म्हणतात. लेक त्याला 'पाण्याखालचं गाणं' म्हणायची. तेव्हापासून काका ऑफिसात दोनच मजले नेत. मधला नसल्यामुळे वरच्या मजल्याची कडी नीट बसत नसे, आणि काका कुठं आलेत हे त्या खडखडाटावरून सगळ्या खात्याला कळे.

"तुला आठवतं ते?" काकांनी विचारलं.

"ऐकल्याचं नाही आठवत," लेक म्हणाली, "झोपल्याचं आठवतं."

मग पिपाणीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती शांतपणे पुढचं बोलली. महिनाअखेरीला तिची रजा संपत होती. ती पुलांचे नकाशे काढायची, आणि त्या कामावर तिचा जीव होता. तिच्या नोकरीच्या गावी मुलं सांभाळणाऱ्या एक बाई तिनं शोधल्या होत्या, पण बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की दुपारी झोपणारं मूल असेल तरच घेईन, माझंही वय झालंय. "नाहीच झोपली तर राजीनामा देऊन टाकते. पूल काय, दुसरं कोणीही काढेल." हे ती रडून बोलली असती तर काकांनी समजूत घातली असती. ती हिशेब सांगावा तशी बोलली, आणि काका उठून डबा शोधायला लागले. या मुलीनं लहानपणी बाहुली मागितली नव्हती, मोठेपणी घड्याळ मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदा काही मागितलं होतं, तर तो डबा.

डबा माळ्यावर सापडला. काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, झाकण उघडलं, आणि आतला एक कपॅसिटर हात लागताच भुगा होऊन कागदावर पडला. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा हौद: वीज साठवायची, मग सोडायची. हौद भरला की सुराला भरती, रिकामा झाला की ओहोटी. हा भुगा कुठल्या जातीच्या हौदाचा आहे ते नीट बघावं म्हणून काका चष्मा आणायला आत गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो तिथं आहे हे कळेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढ्यात काकूंनी तो कागद उचलून गॅलरीतून झटकला.

"त्या कागदावर काय होतं ठाऊक आहे का?" काका म्हणाले.

"कालच्या बातम्या आणि कचरा."

"कचरा नव्हता तो. कपॅसिटर होता."

"मग त्यानं तसं दिसायला हवं होतं," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यात काही चूक काढता येईना.

काका खाली जाऊन चष्मा लावून फुटपाथ बघून आले. फुटपाथवर सगळंच कपॅसिटरच्या भुग्यासारखं दिसत होतं. शिंप्यानं मशीनवरून डोकं उचलून विचारलं, "काही पडलं का?" काका म्हणाले, "झोप पडली." शिंप्याला ते पटलं असावं, कारण तो परत निजला.

आता उरला होता तो डब्यातल्या जोडणीचा जुना नकाशा, काकांनीच कधीतरी काढलेला. त्यात त्या जागी 'एक मायक्रोफॅरड' एवढंच होतं. माप होतं, जात नव्हती. तेव्हा काकांना वाटलं होतं की माप लिहिलं की संपलं.

सुट्या भागांच्या दुकानदाराची आणि काकांची जुनी ओळख होती, आणि ती चांगली नव्हती. मागे एकदा त्याची वायर मोजायची पट्टी बोटभर आखूड निघाली म्हणून काकांनी ती जप्त केली होती. काका दुकानात शिरताच त्यानं आधी नवी पट्टी काढून काचेवर ठेवली.

"साहेब, ही बघून घ्या. मग बोला."

"तपासणीला नाही आलो. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाय."

"कुठला?"

"एक मायक्रोफॅरडचा."

"अहो, केवढा ते सांगितलंत. कुठला ते सांगा. सिरॅमिक आहे, पॉलिएस्टर आहे, इलेक्ट्रोलिटिक आहे, टँटलम आहे. माप तेच, जाती निराळ्या. एकाच्या जागी दुसरा लावला की आवाज बदलतो म्हणतात वाजवणारे."

काकांना हे मानवेना. किलो म्हणजे किलो, मग तो कापसाचा असो की खिळ्यांचा. पण गरज त्यांची होती. "प्रत्येकी एकेक द्या," ते म्हणाले, आणि सवयीनं बारीक अक्षरं वाचू लागले. "हे वीस टक्के काय लिहिलंय?"

"अधिक-उणे वीस. एक म्हणून घ्याल तो सव्वाच्या जवळ भरेल, नाहीतर पाऊणच्या. चालतं."

"चालतं?" काकांना बसावंसं वाटलं. दुकानात स्टूल नव्हतं, म्हणून ते काचेला टेकले. "वीस टक्के चूक, आणि ती उघड छापून विकता?"

"मी नाही, कंपनी छापते. माझी पट्टी बोटभर आखूड होती तर तुम्ही सगळ्या बाजारासमोर पंचनामा केलात," दुकानदार पुड्या बांधत म्हणाला. "मी पण वर 'वीस टक्के' छापायला हवं होतं."

यावर काकांना उत्तर सुचलं, पण ते बसमध्ये बसल्यावर.

पहिला लागला सिरॅमिक. त्याचा सूर असा निघाला की पत्र्यावर कोणी वाटाणे ओतावेत. पिपाणीनं ताबडतोब आपला सूर त्यात मिसळला. तो काढून काकांनी पॉलिएस्टरचा लावला, आणि घरात खरोखर लाटा आल्या. गोल, मऊ, एकामागून एक. काकांनी हातातलं घड्याळ काढून लाटा मोजल्या. प्रत्येक लाट आधीच्या लाटेएवढी, केसाचाही फरक नाही. त्यांचा ऊर भरून आला. अशी लाट खात्याच्या प्रयोगशाळेत ठेवावी, असं त्यांना वाटलं.

पिपाणी टक्क डोळे उघडून स्पीकरकडे बघत होती. एक लाट ओसरली की ती श्वास धरायची, पुढची अगदी वेळेवर आली की पाय झाडून हसायची, आणि पुन्हा श्वास धरायची.

"बाबा, ही मोजतेय," लेक म्हणाली.

"माझी नात आहे," काका म्हणाले. त्यांना अभिमान लपवता आला नाही, आणि लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसताच त्याच अभिमानाची लाजही वाटली.

मग इलेक्ट्रोलिटिक. हा दिसायला छोटं पिंप, आणि यालाच फक्त डावं-उजवं कळतं. त्याच्या अंगावर उण्या टोकाच्या बाजूला पांढरी पट्टी असते. ती बाजू उण्याकडेच जायला हवी, उलटा लावायचा नाही, हे दुकानदारानं दोनदा बजावलं होतं आणि काकांना एकदाही सांगायची गरज नव्हती. त्यांनी तो भिंग घेऊन नीट लावला. लाट जरा जाड झाली, पण पुन्हा घड्याळाबरहुकूम. पिपाणीनं पुन्हा श्वास धरला. काकांनी तो काढून बशीत टाकला.

अशा वेळी शेजारी गप्प तरी किती राहतील? तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की बाळाला मोकळी हवा द्या. पहिल्या मजल्यावरून आला की खिडक्या बंद ठेवा. आणि तळमजल्यावरून स्वतः इंजिनिअर आले. ते वीज कंपनीतून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून इमारतीत काहीही बिघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई. कपॅसिटरला ते जुन्या सवयीनं कंडेन्सर म्हणत.

"कंडेन्सर गेलाय म्हणता? अहो, कंडेन्सर तो कंडेन्सर. तुमच्या पंख्यात एक आहे की. चांगला दणकट."

काका म्हणाले, पंख्यातला फार मोठा. इंजिनिअर म्हणाले, बघायला काय जातं? बघायला पंखा गेला. त्यांनी खुर्चीवर चढून पंख्याचा कंडेन्सर काढला. तो काकडीएवढा निघाला. डब्यात तो मावेना, आणि मावला असता तरी डब्यात दुसरं काही मावलं नसतं. शिवाय पिपाणी दिवसातून एकदा जी काही डुलकी घ्यायची ती त्याच पंख्याच्या कुरकुरीवर, हे तो थांबल्यावर सगळ्यांना कळलं. काकू काठीनं पात्यांना धक्का द्यायच्या, पंखा चार गिरक्या मारायचा आणि विचारात पडायचा. संध्याकाळी इंजिनिअरांनी कंडेन्सर परत जोडला तेव्हा पंखा सुरू झाला, पण उलटा. सगळा वारा छताला.

"उन्हाळ्यात छत तापतं," इंजिनिअर खुर्चीवरून उतरत म्हणाले. "तसं बरंच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टँटलम लावायला मागितला. हा दिसायला मण्याएवढा, स्वभावानं तापट. यालाही डावं-उजवं असतं. इंजिनिअरांनी चष्मा न लावता तो जोडला, बटण दाबलं, आणि डब्यातून 'फट्' असा आवाज, धुराची एक बारीक रेघ आणि नासक्या अंड्यासारखा वास आला. पिपाणीला हे एवढं एकच आवडलं.

"उलटा लावला तर काय होतं ते तुम्हाला दाखवायचं होतं," इंजिनिअर म्हणाले.

काकांनी मान डोलावली. दुसऱ्याची अब्रू झाकायची तर मान डोलावण्यावाचून गत्यंतर नसतं.

लेकीनं मग इंटरनेटवर शोधून काढलं की फार जुने, अंगावर रंगीत पट्टे असलेले एक प्रकारचे कपॅसिटर असतात, गिटारवाले त्यांच्यासाठी जीव टाकतात, आणि पट्ट्यांमुळे त्यांना 'रंगीत मासे' असं लाडाचं नाव आहे. तिनं परदेशातल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून ते मागवले. म्हातारा हौशी असावा. त्यानं पार्सलवर लिहिलं, 'रंगीत मासे. जपून हाताळा.' पार्सल कचेरीनं ते जपून प्राणी विभागात ठेवलं.

प्राणी विभागाची खोली अर्धवट अंधारी होती, खिडकीशी एक रिकामा पिंजरा होता, आणि कारकून हनुवटीला हात लावून बसल्या जागी निजला होता.

"पशुवैद्याचा दाखला आणलात?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"ते मासे नाहीत. कपॅसिटर आहेत."

"वर मासे लिहिलंय."

"नाव आहे ते. लाडाचं."

"साहेब, मी लाड बघत नाही, लेबल बघतो."

काकांच्या मनात अगदी आतून आदर दाटून आला. आयुष्यभर त्यांनी हेच वाक्य निरनिराळ्या दुकानदारांना ऐकवलं होतं. पण महिनाअखेर जवळ आली होती. त्यांनी विनंती केली, कारकुनानं पार्सल हलवून कानाशी धरलं. आत काही खुळखुळलं.

"पाणी नाही यात," तो म्हणाला. "म्हणजे मेलेत. मेलेल्यांचा विभाग वरच्या मजल्यावर. त्यासाठी वजन करावं लागेल."

त्यानं पार्सल तराजूवर ठेवलं. काकांनी सवयीनं काट्याकडे बघितलं. त्यांच्या भुवया आपोआप जवळ आल्या. कारकुनाचे डोळे आज पहिल्यांदा पूर्ण उघडले.

"आपण कुठल्या खात्यात असता?"

"वजनमाप."

"न्या साहेब. लाडाचंच नाव असणार ते."

वशिला लावल्याचं पाप डोक्यावर घेऊन काका घरी आले. मासे खरोखर देखणे होते, लाल, पिवळे, निळे पट्टे असलेले. एक डब्यात बसला, अर्धा बाहेर राहिला. आवाज तर असा आला की काकूसुद्धा हात पुसत बाहेर आल्या. पण लाट ती लाट: वेळेवर जाणारी, वेळेवर येणारी. पिपाणीनं श्वास धरला, पाय झाडले, हसली. लेक उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. काका गिटार मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर त्यांनी उभ्या आयुष्यात काही केलं नव्हतं, आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

रविवार उजाडला. सोमवारी सकाळी लेकीला निघायचं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर राजीनाम्याच्या दोन ओळी होत्या, तिसरी होईना. काकू पलंगावर पिपाणीला घेऊन, दुसऱ्या हातात सवयीनं पंख्याची काठी धरून बसल्या होत्या, खरं तर आता तिचं काही काम नव्हतं. पडदे ओढलेले होते. बाहेर शिंप्याचं मशीन थांबलेलं. इंजिनिअर आपला स्क्रू-ड्रायव्हर परत न्यायला आले, आणि कोणी 'बसा' म्हटलं नाही तरी खुर्चीत बसले.

काकांनी ठरवलं, निदान डबा तरी धड बंद करून लेकीबरोबर द्यावा. वाजला नाही तर नाही, आठवण म्हणून राहील. पण तो देखणा मासा आत असताना झाकण लागेना. म्हणून त्यांनी तो काढला, आणि बशीत चाचपडून जे लहानसं हाताला लागलं ते त्याच्या जागी धरलं. ते होतं टाकून दिलेलं छोटं पिंप. काकांच्या डोळ्यांत झोप वाळूसारखी भरली होती. भिंग घ्यायचं राहिलं. कथिल वितळलं, धूर डोळ्यांपुढून संथ गेला, आणि त्यामागे सगळी खोली हलल्यासारखी झाली. मग केवळ सवयीनं, बंद करण्यापूर्वी तपासायचं असतं म्हणून, त्यांनी गिटारची वायर आत खोचली आणि मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

लाट आली. आली, आणि जरा थांबली. जावं की न जावं असं तिला वाटत असावं. मग गेली. पुढची उशिरा आली, आणि आधीच्या लाटेपेक्षा लांब. मग एक छोटी, जवळजवळ न आल्यासारखी. मग मोठी. कुठलंही घड्याळ लावून ही लाट मोजता आली नसती. झोपलेल्या माणसाचा श्वास असाच चालतो, हे काकांच्या ध्यानात आलं, पण ते ध्यानात येता येता निसटलं.

पिपाणीनं पुढच्या लाटेसाठी श्वास धरला. लाट आली नाही. तिनं धरलेला श्वास सोडून दिला. मग लाट आली, पण तोवर पिपाणीचं लक्ष नव्हतं. तिच्या पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. काकूंच्या हातातली काठी हळूच गादीवर टेकली. लेकीचं डोकं लॅपटॉपच्या कळांवर टेकलं, आणि तिसऱ्या ओळीच्या जागी तिच्या गालाखाली एकच अक्षर उमटत, उमटत राहिलं. इंजिनिअर स्क्रू-ड्रायव्हर छातीशी धरून निजले. पंखा उलटा फिरत होता, आणि सगळी खोली पाण्यानं भरून वर वर चालली आहे, आणि आपण तिच्या तळाशी बसून वाजवतो आहोत, असं काकांना वाटलं. बोटीवरचा जावईही खिडकीबाहेरून जाता जाता हात हलवून गेला. काका वाजवत राहिले. केव्हा थांबले ते त्यांनाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन पडद्याच्या खालच्या काठाशी आलं होतं. पिपाणी अजून निजलेली होती. सगळ्यात आधी उठले होते इंजिनिअर, आणि ते उघड्या डब्यात वाकून बघत होते. या वेळी चष्मा लावून.

"अहो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हा उलटा लावलाय तुम्ही."

काकांनी बघितलं. पांढरी पट्टी नको त्या बाजूला होती. त्यांचे कान तापले. वजनमाप खात्याचा निरीक्षक, काटेकोर म्हणून ज्याला पोस्टमन ओळखतो, त्यानं उण्याचं टोक अधिकाकडे लावलं होतं, तेही साक्षीदारासमोर.

"फुटला कसा नाही?" त्यांनी विचारलं.

"हा जरा सोशिक असतो. नऊ व्होल्टांची बॅटरी, त्यात उलटा. फुटत नाही, गळतो. म्हणून लाट अशी अडखळतेय. थांबा, सरळ करून देतो." इंजिनिअरांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," तीन आवाज एकदम म्हणाले, तिन्ही कुजबुजत. त्यातला एक काकांचाच होता.

मग काका डब्याकडे बघत बसले, आणि त्यांना ती दुपार आठवली. लेक तान्ही होती, झोपत नव्हती, म्हणून घरात कोणीच झोपत नव्हतं, आणि काका याच टेबलावर डोळे ताणून पहिल्यांदा हा डबा जोडत होते. तेव्हाही भिंग घेतलं नसणार. एवढी वर्षं ज्या सुराला ते आपलं कसब समजत होते, तो असाच उलटा लागलेला होता. जागेपणी, शुद्धीवर असताना, त्यांच्या हातून तो सूर निघालाच नसता. महिनाभर ते तो बरोबर करत होते.

"पण हे चूकच आहे," इंजिनिअर म्हणाले. "कधी ना कधी निकामी होईल."

"आधीचा किती टिकला होता?" लेकीनं विचारलं. तिच्या गालावर लॅपटॉपच्या कळांचे चौकोन उमटले होते.

काकू म्हणाल्या, "तू शाळेत जायला लागलीस तोवर."

"मग पुरे झाला की," लेक म्हणाली. तिनं पडद्यावर बघितलं. दोन ओळींखाली पानंच्या पानं एकाच अक्षरानं भरली होती. तिनं ते सगळं पुसलं, आणि वरच्या दोन ओळीही पुसल्या. मग उठून ती बाबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकून नुसती राहिली. काकांना फार बरं वाटलं, आणि ते म्हणाले, "बॅटरी काढून ठेवत जा. नाहीतर उतरते."

सोमवारी सकाळी लेक निघाली तेव्हा डब्याबरोबर गिटारही गेली, कारण मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवायला काही येत असावं लागत नाही, पण गिटार लागते. काकांनी झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली होती. ऑफिसात मापांवर लावतात तशीच, त्याच सुबक अक्षरात, आणि खाली पूर्ण सही. लेकीनं ती दारातच वाचली.

'तपासले. चूक आहे. सरळ करू नये.'

तिनं ती पुन्हा वाचली. मग डबा पिपाणीच्या कपड्यांच्या पिशवीत, सगळ्यांत मऊ जागी ठेवला.

काका दोन मजली डबा खडखडवत ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं लेकीचा फोन आला. ती पुलावरून, म्हणजे कागदावरच्या पुलावरून उठून, जेवणाच्या सुट्टीत सांभाळणाऱ्या बाईंकडे डोकावून आली होती.

"पिपाणी झोपलीय, बाबा. बाईपण झोपल्यात, हात तारांवरच आहे. डबा तेवढा जागा होता. मी आवाज न करता परत आले."

"बरं," काका म्हणाले. "बरं, बरं."

त्यांनी फोन ठेवला. समोर तपासणीला आलेलं एक वजन होतं. ते त्यांनी उचललं, खिडकीतल्या उजेडात धरलं, आणि महिनाभराची राहिलेली झोप कुठून तरी संथ, अडखळत, वेळ चुकवून आली. बाहेर बाकावर एक दुकानदार मांडीवर तराजू घेऊन ताटकळला होता. शेवटी त्यानं उठून दारातून आत बघितलं. शिपायानं ओठांवर बोट ठेवून त्याला परत बसवलं.

"थांबा जरा," शिपाई हळू आवाजात म्हणाला. "साहेब तपासताहेत."